लाकडावरची बुरशी ओळखायची कशी? आंबोलीच्या सहा नमुन्यांच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टमध्ये आंबोलीजवळच्या जंगलात पडलेल्या ओंडक्यांवर आणि काटक्यांवर वेगवेगळी बुरशी दिसली. पिवळ्या देठाची, तपकिरी वलयांची, फनेलच्या आकाराची पातळ अळंबी. जुन्या बुंध्यातून वर आलेली काळी बोटं. ओंडक्याच्या भेगेतून निघालेली केशरी, लिबलिबीत, चपटी पाती. काटकीवरचा केसाळ गुलाबी पेला. गावातल्या जुन्या फणसावरची खुराच्या आकाराची, दगडासारखी कडक तपकिरी बुरशी. आणि रात्री अंधारात हिरवट उजळणारी कुजकी काटकी. हे फोटो बुरशी ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकले तर प्रत्येकाला दोन-तीन वेगळी नावं आली. ही नेमकी कोणती, आणि यातलं काही खाता येतं का?

खाण्याबद्दल आधी सांगून टाकतो: यातलं काहीही खाऊ नका. का, ते पुढे येईल. नावांचं म्हणाल तर या सहांपैकी तिघांची ओळख जातीपर्यंत बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते, दोघांची फक्त वंशापर्यंत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत), आणि एकाची नुसत्या फोटोवरून सांगताच येत नाही. वंशावर थांबावं लागलं म्हणून हिरमुसू नका. माझ्याकडच्या कितीतरी नमुन्यांच्या पाकिटांवर आजही फक्त वंशाचं नाव आहे, आणि ते बरोबर आहे.

फोटो सुरेख आहेत, पण जवळजवळ सगळे वरून काढलेले. लाकडावरच्या बुरशीत वरची बाजू सगळ्यात कमी भरवशाची. पावसाने रंग धुपतो, उन्हाने उडतो, वर शेवाळ चढतं, आणि एकाच ओंडक्यावरची आठवड्याची आणि दोन महिन्यांची अळंबी दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतकी वेगळी दिसते. ओळखीचा खरा ऐवज दोन ठिकाणी असतो. एक खालच्या बाजूला, जिथे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, तयार होतात. दुसरा त्या लाकडात, ज्यावर ती जगते आहे. ॲपला यातलं काहीच दिसलं नाही, म्हणून त्याने अंदाज बांधले.

लाकडाकडे कसं बघायचं ते सांगतो, कारण हे फार कमी लोक करतात. बुरशीच्या शेजारचं लाकूड नखाने किंवा चाकूच्या टोकाने उकरा. ते फिकट, पांढुरकं, ओलसर आणि धाग्याधाग्यांनी सुटणारं असेल तर ती पांढरी कूज. तिथली बुरशी लाकडाला कडकपणा देणारं लिग्निनही खाते आणि त्याचे धागे बनवणारं सेल्युलोजही. लाकूड गडद तपकिरी होऊन चौकोनी ठोकळ्यांत तडकलं असेल आणि बोटांत चुरडल्यावर त्याची भुकटी होत असेल, तर ती तपकिरी कूज. या बुरशा सेल्युलोज संपवतात आणि लिग्निन जवळजवळ तसंच मागे ठेवतात. तपकिरी कूज करणाऱ्या जाती मुळातच कमी, आणि त्यातल्या बऱ्याच देवदार, चीड अशा सूचिपर्णी झाडांवर वाढतात. जांभूळ, अंजनी, हिरडा अशा रुंद पानांच्या झाडांचं आपलं सह्याद्रीतलं जंगल मुख्यतः पांढऱ्या कुजीचं. त्यामुळे इथे तपकिरी कूज दिसली की यादी एकदम लहान होते. झाड उभं आहे की पडलेलं, जिवंत की मेलेलं, साल शाबूत आहे की गळून गेली, हेही तिथेच लिहून ठेवायचं. घरी आल्यावर यातलं काहीही आठवत नाही.

आता पहिला नमुना. हा मायक्रोपोरस झँथोपस. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण, दमट जंगलांत तो सर्रास सापडतो, आणि सह्याद्रीत पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांवर त्याच्या रांगाच्या रांगा असतात. टोपी अगदी पातळ, मधोमध खोलगट, तपकिरी-पिवळसर वलयांची, वरून चकचकीत, कडा फिकट. देठ पिवळा, आणि तो लाकडाला छोट्या चकतीने चिकटलेला असतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत ही चकती स्पष्ट दिसते, आणि सगळ्या फोटोंत तोच मला सर्वांत उपयोगी वाटला.

यात एक फसवी जागा आहे. खालून पाहिलं तर हा पृष्ठभाग गुळगुळीत वाटतो. सोनाराकडे असतं तसं दहा पटीचं भिंग डोळ्याला लावा, अळंबी भिंगाजवळ आणा आणि उजेड तिरका पडू द्या. तेव्हा कळतं की तो सगळा भाग छिद्रांनी भरलेला आहे. एका मिलिमीटरच्या लांबीत आठ-दहा छिद्रं बसतात इतकी ती बारीक. हे पाहिल्याशिवाय नाव लिहू नका, कारण पोडोसायफा नावाचा वंश अशीच पातळ, वलयांची, फनेलसारखी अळंबी देतो आणि तिची खालची बाजू खरोखरच गुळगुळीत असते. लेंटिनस या वंशातल्या फनेलसारख्या जातीही वरून फसवतात. उलटं केलं की त्यांना बहुतेक वेळा पाती, म्हणजे टोपीखालचे पातळ पडदे, दिसतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. मायक्रोपोरसच्याच दुसऱ्या एका जातीत, ॲफिनिसमध्ये, देठ बाजूला असतो, आखूड आणि गडद. पिवळा, मधोमध असलेला देठ, बुडाची चकती आणि बारीक छिद्रं ही तिन्ही एकत्र असली की झँथोपस म्हणायला हरकत नाही.

या अळंबीबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण लाकडावरच्या छिद्रधारी बुरशा ओळखण्याचं आजचं शास्त्र बऱ्याच अंशी हिच्यावर उभं आहे. ही हाताने फाडून पाहा. सहज तुटत नाही, चिवटपणे ताणली जाते. हा चिवटपणा कुठून येतो, याचा शोध ई. जे. एच. कॉर्नर यांनी घेतला. ते सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात काम करत होते, आणि १९३२ साली त्यांनी याच अळंबीच्या रचनेवर, तेव्हाच्या पॉलिस्टिक्टस झँथोपस या नावाने, लेख लिहिला. त्यांनी दाखवलं की हिच्या शरीरात तीन प्रकारचे तंतू असतात. एक, पातळ भिंतीचे, वाढणारे आणि बीजाणू देणारे जनक तंतू. दुसरे, जाड भिंतीचे, फारशा फांद्या न फुटणारे, लांबच लांब जाणारे. हे सांगाडा बनवतात. तिसरे, खूप फांद्या फुटलेले, बाकी सगळ्यांना एकमेकांत गुंतवून बांधणारे. तिन्ही असतील तर ती त्रितंतू रचना, पहिल्याबरोबर दुसऱ्या दोघांपैकी एकच प्रकार असेल तर द्वितंतू, नुसते जनक तंतू असतील तर एकतंतू. तोपर्यंत वर्गीकरण बहुतांशी बाह्य आकारावर चालत होतं, त्यामुळे दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या बुरशा एकाच वंशात कोंबल्या जात होत्या. आजही छिद्रधारी बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पहिला प्रश्न हाच असतो: तंतू किती प्रकारचे? साधा विद्यार्थ्याचा सूक्ष्मदर्शक, चारशे पट मोठं दाखवणारा, एवढ्यासाठी पुरतो. पातळ काप घ्या, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात मऊ करा, दोन सुयांनी तंतू हळूहळू विलग करा. घाई केली तर सगळे तुटतात आणि काहीच कळत नाही.

काळी बोटं म्हणजे झायलेरिया. वंशाबद्दल शंका नाही. जात मात्र सांगणार नाही. ॲपने दिलेलं झायलेरिया पॉलिमॉर्फा हे नाव काळ्या बोटांना सरसकट चिकटवलं जातं. पण या वंशात शेकडो जाती आहेत, आणि उष्ण कटिबंधातल्या कित्येक जाती बाहेरून एकसारख्या दिसतात. पुढच्या वेळी एक बोट उभं चिरून पाहा. आत पांढरा, कडक गर, बाहेर काळं कवच, आणि त्या कवचाच्या लगेच खाली टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या कुप्यांची एक ओळ. बीजाणू या कुप्यांत तयार होतात आणि कवचावरच्या बारीक तोंडांतून बाहेर पडतात. छत्रीच्या आकाराच्या अळंब्यांशी याचं नातं फार दूरचं. हा वेगळ्याच मोठ्या गटातला. तुमच्या फोटोत दोन बोटांची टोकं राखाडी-पांढरी दिसतात. ती वेगळी जात नाही, तीच कोवळी अवस्था आहे. कोवळेपणी त्यावर अलैंगिक बीजाणूंची भुकटी असते आणि आतल्या कुप्या अजून झालेल्या नसतात. जातीच्या ओळखीसाठी पूर्ण काळं, खरबरीत झालेलं बोट लागतं.

झायलेरियाबाबत एक गोष्ट जागेवरच बघायची. बोट लाकडातून आलंय की मातीतून? मातीतून आल्यासारखं वाटलं तर हलक्या हाताने बुडापर्यंत उकरा. कधी खाली गाडलेलं लाकूड सापडतं, कधी वाळवीचं सोडून दिलेलं घर. झायलेरिया निग्रिपेस अशा वाळवीच्या जुन्या घरांतून वर येते. काही जाती ठराविक झाडाच्या पडलेल्या फळांवर किंवा शेंगांवरच वाढतात. उपटून हातात घेतलेल्या बोटाचा फोटो यातलं काहीच सांगत नाही. आणि तो बुंधा कुठे तुटलेला असेल तर लाकडात बारीक काळ्या रेषा दिसतात का ते पाहा. वेगवेगळ्या बुरशांच्या वसाहती एकमेकींपासून आपली हद्द अशी आखून घेतात.

केशरी पाती म्हणजे डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथ्युलेरिया. पावसाळ्यात साल गेलेल्या ओंडक्यांच्या भेगांतून ती रांगेने निघते, एक-दोन सेंटिमीटर उंच, टोकाला चपटी. ही तपकिरी कूज करणारी, म्हणून वर म्हटल्याप्रमाणे तिच्या खालचं लाकूड नक्की तपासा. तुमच्या ओंडक्यावर चौकोनी तडे दिसतातच. उघडीप पडली की ती सुकून लाकडावर जेमतेम दिसेनाशी होते आणि पुढच्या सरीनंतर पुन्हा फुगते. जुन्या खिडक्यांच्या चौकटींवर, लाकडी पुलांवरही ती आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या बीजाणू धरणाऱ्या पेशींना दोन लांब शिंगं फुटलेली दिसतात, आणि हे लक्षण तिच्या संपूर्ण गटाचं असल्यामुळे ट्रेमेलासारख्या दुसऱ्या लिबलिबीत बुरशांपासून ती लगेच वेगळी काढता येते. हिच्यापासून मिळणारी ग्लायकोलिपिडं (साखर आणि मेद जोडलेले रेणू) युरोपात शीतपेयं टिकवण्यासाठी वापरायला मान्यता मिळाली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. तेवढ्यावरून ओंडक्यावरची केशरी पाती चाखून बघायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

लिबलिबीत, रंगीत काहीही दिसलं की आणखी एक शक्यता मनात ठेवा: ती बुरशीच नसेल. फुलिगोची पिवळी साय, लायकोगालाचे गुलाबी गोळे, स्टेमोनायटिसचे तपकिरी केसांसारखे झुबके हे सगळे श्लेष्मकवक, म्हणजे अमिबाच्या नात्यातले जीव. ते सरकतात. सकाळी पिवळ्या सायीच्या कडेला ओंडक्यावर खूण करा आणि संध्याकाळी परत बघा; जागा बदललेली असेल किंवा सायीची भुकटी झालेली असेल.

गुलाबी पेला कुकेइना आहे, आणि बाहेरून कडेपर्यंत लांब केस दिसतात म्हणून कुकेइना ट्रायकोलोमा. जवळची जात स्पेसिओसा. तिला केस थोडे आणि आखूड असतात आणि काठाखाली गोलाकार कंगोरे असतात. बीजाणू पेल्याच्या आतल्या गुळगुळीत बाजूवर तयार होतात, त्यामुळे इथे मात्र वरून काढलेला फोटोही कामाचा. कोरड्या वाऱ्याची झुळूक लागली की असे पेले कधीकधी एकदम बीजाणूंचा धूर सोडतात. ओलसर, कुजलेल्या बारीक काटक्यांवर, ओढ्याच्या काठाने शोधा. दुपारपर्यंत बरेच सुकून वळलेले असतात, म्हणून सकाळी लवकर.

आता फणस. पाचव्या नमुन्यासाठी थोडा वेळ द्या, कारण ही महाराष्ट्रात कधीकाळी घराघरांत ठाऊक असलेली बुरशी आहे. फणसाच्या खोडावर वाढणारी ही कडक बुरशी फणसोंबा किंवा फणसआळंबे या नावाने ओळखली जाते. लहान मुलांच्या तोंडातून फार लाळ गळत असेल, तोंड आलं असेल तर ती सहाणेवर उगाळून लावायची जुनी रीत. जुन्या औषधी दुकानांत तिचे तुकडे विकत मिळत. पण फणसोंबा ही एक जात नाही. या नावाखाली फेलिनस वंशातल्या, आणि त्या वंशाच्या आता वेगळ्या काढलेल्या भागांतल्या, अनेक जाती विकल्या गेल्या आहेत. त्यामुळे ‘फणसावर आहे म्हणजे फणसोंबा आणि फणसोंबा म्हणजे अमुक जात’ हा हिशेब जुळत नाही.

तुमच्या फोटोवरून मी फेलिनसच्या गटापर्यंत येतो, आणि तिथेही एक अट आहे. गॅनोडर्मा हा दुसरा वंशही जुन्या झाडावर अशीच कडक, तपकिरी, वर्षानुवर्षं टिकणारी बुरशी देतो. दोन चाचण्या करा, दोन्ही घरी होतात.

पहिली चाचणी रंगाची. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीन ते पाच टक्क्यांचं द्रावण शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मिळू शकतं. ते दाहक आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. बुरशी चिरून आतल्या ताज्या गरावर एक थेंब टाका. फेलिनसच्या कुळात गर मुळात सोनेरी-तपकिरी ते गंजाच्या रंगाचा असतो, आणि थेंब पडताच तो काळा पडतो. हा काळेपणा सेकंदा-दोन सेकंदांत येतो आणि टिकून राहतो. तेवढ्यावर थांबू नका, कारण इतर गडद बुरशाही द्रावणाने थोड्या काळवंडतात. छिद्रांच्या थराचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. या कुळातल्या पुष्कळ जातींमध्ये छिद्रांच्या आतल्या भिंतीवर गडद तपकिरी, टोकदार, जाड भिंतीचे काटे दिसतात. त्यांची लांबी, आकार आणि ते आहेत की नाहीत यावर पुढच्या जाती ठरतात.

दुसरी चाचणी बीजाणूंच्या ठशाची. तुकडा छिद्रं खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका, रात्रभर हलवू नका. गॅनोडर्मा असेल तर कागदावर कोकोच्या रंगाची भुकटी जमते. जंगलात ती बिनकष्टाची दिसते: गॅनोडर्माच्या खालच्या पानांवर, शेजारच्या दगडावर, कधी खुद्द तिच्या वरच्या पृष्ठभागावर तपकिरी धूळ बसलेली असते. ही धूळ पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. प्रत्येक बीजाणूला दोन भिंती दिसतात, त्यांच्यामधून खांबांसारख्या बारीक रेषा जातात आणि एक टोक छाटल्यासारखं सपाट असतं. असा बीजाणू दिसला की वंश गॅनोडर्मा. यापेक्षा पक्का पुरावा या गटात क्वचितच मिळतो.

वंश पक्का झाला तरी गॅनोडर्माच्या जातीबद्दल मात्र जपून. चकचकीत, लाखेसारख्या लाल रंगाची गॅनोडर्मा दिसली की लोक ल्युसिडम लिहून मोकळे होतात. ल्युसिडम हे नाव १७८१ साली विल्यम कर्टिस यांनी इंग्लंडमधल्या नमुन्याला दिलं. चीनमध्ये औषध म्हणून ज्याची शेती होते त्यालाही शतकभर हेच नाव वापरलं गेलं. २०१२ साली त्याला लिंगझी अशी वेगळी जात म्हणून वर्णन मिळालं. आपल्याकडच्या नमुन्यांची नीट छाननी व्हायची आहे. तोवर पाकिटावर ‘गॅनोडर्मा, चकचकीत टोपीचा गट’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक.

आणि तो फणस घराजवळ असेल तर मालकांना सांगा. जिवंत खोडावर अशी बुरशी दिसते तेव्हा आतलं लाकूड आधीच बरंच कुजलेलं असतं. झाड वरून हिरवंगार दिसत असूनही वादळात मोडू शकतं. बुरशी खरवडून काढल्याने कूज थांबत नाही. ती आत आहे.

सहावा नमुना उजळणाऱ्या काटकीचा. आंबोली, भीमाशंकर, गोव्यातलं मोलें, म्हादईचं खोरं इथे पावसाळ्यात हे दिसतं आणि त्याचे फोटो दरवर्षी फिरतात. त्यांच्याबरोबर एक चूकही फिरते: ‘मायसेना नावाच्या जिवाणूंमुळे जंगल चमकतं’. मायसेना हा जिवाणू नाही, अळंब्यांचा वंश आहे. त्यातल्या काही जातींची अळंबी उजळते, काहींचे फक्त लाकडात पसरलेले तंतू उजळतात, काहींत काहीच उजळत नाही. जगात प्रकाश देणाऱ्या बुरशीच्या शंभराहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्या सगळ्या मायसेना नाहीत. मेघालयात मेलेल्या बांबूवर सापडलेल्या रोरिडोमायसेस फायलोस्टॅकिडिस या नव्या जातीचं वर्णन २०२० साली प्रसिद्ध झालं. तिचा फक्त देठ उजळतो.

हा प्रकाश ज्या रेणूपासून निघतो तो हिस्पिडिनपासून बनतो, हे २०१५ साली स्पष्ट झालं. हिस्पिडिन हा फेलिनसच्या नातलगांत सापडणारा पिवळा पदार्थ. फणसावरची बुरशी उजळत नाही, पण उजळणाऱ्या काटकीतल्या रसायनाचा धागा तिच्या घराण्यापर्यंत पोचतो. मला ही गोष्ट या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर वाटते.

ओळखीच्या दृष्टीने अडचण अशी की तुमच्या फोटोत फक्त उजळलेलं लाकूड आहे, अळंबी नाही. तंतूंवरून डोळ्यांनी जात ठरत नाही. शक्य असेल तर ती जागा लक्षात ठेवा, काटकी तिथेच राहू द्या, आणि पुढचे दोन आठवडे दिवसा जाऊन त्यावर बारीक अळंबी उगवते का ते बघा. उगवली तर ती दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा टिपा, आणि टोपी उजळते, पाती उजळतात की देठ, हे स्वतंत्र लिहा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा मिनिटं तरी द्या; तोवर टॉर्च आणि मोबाइल दोन्ही बंद. कॅमेऱ्यात जो भडक हिरवा रंग येतो तो लांब एक्स्पोजरचा परिणाम. डोळ्यांना तो खूपच फिका, जवळजवळ करडा दिसतो, म्हणून वर्णनात डोळ्यांना दिसलेला रंगच लिहायचा.

आता खाण्याचं. आपल्याकडे पावसाळ्यात वारुळावरची अळंबी हौसेने खाल्ली जाते, गोव्यात आळमीला केवढा भाव असतो. त्या ओळखीमागे पिढ्यांचं ज्ञान आहे, पण ते वारुळावर उगवणाऱ्या टर्मिटोमायसेसबद्दलचं ज्ञान आहे. लाकडावरच्या अळंबीला ते लागू होत नाही. ‘लाकडावरची अळंबी विषारी नसते’ असं मी पुष्कळांकडून ऐकलं आहे, आणि ते साफ खोटं आहे. थंड प्रदेशात कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या गॅलेरिना मार्जिनाटामध्ये जगातल्या सर्वांत घातक अळंबीत असतं तेच अमॅटॉक्सिन हे विष असतं. खाल्ल्यावर सहा ते बारा तास काहीच होत नाही, आणि जुलाब-उलट्या सुरू होतात तोवर यकृतावर घाला पडलेला असतो. ओम्फॅलोटस लाकडावर वाढते, उजळतेही, आणि प्रचंड उलट्या घडवते. जपानचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. सुगिहिराताके ही लाकडावरची पांढरी अळंबी तिथे पूर्वापार खाल्ली जात होती. २००४ साली उत्तर जपानात ती खाल्लेल्या पन्नासहून अधिक लोकांना मेंदूचा विकार झाला आणि १७ जण दगावले. त्यांतल्या बहुतेकांची मूत्रपिंडं आधीपासून कमकुवत होती. चांदीचं नाणं काळं पडत नाही, गोगलगायीने खाल्ली आहे, लसूण घालून शिजवली, या कसोट्यांपैकी एकही कसोटी यातल्या कोणत्याही विषाला पकडत नाही. कुणी अनोळखी अळंबी खाल्ली असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखान्यात न्या आणि उरलेली अळंबी सोबत घ्या.

ॲपचा राग धरू नका, पण त्याची मर्यादा ओळखा. ही ॲप मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या फोटोंवर शिकलेली. भर म्हणजे आपल्याकडच्या कित्येक बुरशांची नावंही एकोणिसाव्या शतकात तिकडेच ठरली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी सिक्कीम आणि खासी टेकड्यांत १८४८ ते १८५० च्या सुमारास जमवलेल्या बुरशा इंग्लंडमध्ये बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली यांनी सुकलेल्या नमुन्यांवरून वर्णिल्या. ताजा रंग, वास, झाडाचं नाव यातलं बरंचसं त्या वर्णनांत नाही. त्यामुळे जुन्या यादीत नाव आहे म्हणून आपली अळंबी तीच, असं समजू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद जरूर करा. ठिकाण आणि तारीख टिकून राहते. तिथला ‘रिसर्च ग्रेड’ हा शिक्का मात्र ओळखणाऱ्यांचं एकमत झाल्याचा असतो, सूक्ष्मदर्शकाचा नाही.

डीएनए तपासून सगळं सुटतं, असंही अनेकांना वाटतं. २०१२ पासून बुरशींसाठी आयटीएस हा डीएनएचा भाग ओळखखूण म्हणून मान्य आहे आणि त्याने खूप मदत होते. पण गॅनोडर्मा आणि झायलेरियासारख्या वंशांत नुसत्या आयटीएसवर जवळच्या जाती वेगळ्या होत नाहीत, आणखी जनुकं लागतात. शिवाय तुलनेसाठी असलेल्या संग्रहातच चुकीच्या नावाच्या नोंदी आहेत. ज्याची खालची बाजू, लाकूड आणि बीजाणू नोंदवलेले नाहीत, अशा नमुन्याचा डीएनए शेवटी एका अनोळखी नावापाशी येऊन थांबतो.

नमुना गोळा करायचाच असेल तर आधी जागा कुणाची ते पाहा. अभयारण्यातून काटकीसुद्धा वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय उचलायची नाही. खाजगी जागेत मालकाला विचारा. परवानगी असेल तर बुरशी लाकडाच्या तुकड्यासकट घ्या आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ती तासाभरात घामेजते आणि बीजाणू तपासण्याआधीच सडते. त्याच दिवशी खालची बाजू, उभा छेद, बुडाची जोडणी आणि शेजारच्या झाडाचं पान यांचे फोटो मोजपट्टीसह काढा. वास घ्या आणि लिहा. मग चाळीस-पन्नास अंश सेल्सिअसच्या कोरड्या हवेत वाळवा; कोकणातल्या ऑगस्टमध्ये उन्हाच्या भरवशावर राहिलात तर नमुन्यावर दुसरीच बुरशी चढेल. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक संग्रह आहे आणि राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहही तिथेच आहे. नीट वाळवलेला, नोंदी असलेला नमुना अशा ठिकाणी दाखवण्यासारखा असतो. नुसता फोटो नसतो.

कडक बुरशा वाळवल्यावरही आत बारीक भुंगेरे जिवंत असतात आणि दोन महिन्यांत पाकिटात फक्त भुसा उरतो. म्हणून वाळल्यावर नमुना घट्ट पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आणि पाकिटावर तारीख, ठिकाण, झाड आणि कुजीचा रंग पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते.